रॅम दुप्पट केली तरी मशीन रडतंय: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात स्वॅपबद्दल थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम काही पानं डिस्कवर काढून ठेवते वगैरे, तर त्यावर इतके मेल आले की आजचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. पान म्हणजे पेज, आपल्या नेहमीच्या पीसीवर ४ केबीचा तुकडा, आणि ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी हलवते ती याच मापाने. एवढं धरून चला.

प्रश्न: सर, नवीन फोन घेतला, बॉक्सवर ८ प्लस ८ जीबी रॅम छापलंय. दुकानदार म्हणाला १६च समजा. खरंच १६ का? आणि ते एक्स्टेंडेड रॅम चालू ठेवू की बंद करू? (कोल्हापूर)

रॅम ८च आहे. दुसरे ८ तुमच्याच स्टोरेजमधून कापून घेतलेत, म्हणजे जिथे तुमचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गुड मॉर्निंग पडलेले असतात तिथली जागा, आणि ती स्वॅपसारखी वापरतात. रॅममधून काहीतरी वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि फ्लॅश स्टोरेजमधून एक पान आणायला १०० मायक्रोसेकंदांच्या घरात, म्हणजे हजारपट. याला बेरीज करून १६ म्हणणं मला तरी पटत नाही.

गंमत म्हणजे अँड्रॉइड फोन त्याच्या आधीच एक मधली पायरी वापरत असतो, झेडरॅम. बराच वेळ हात न लागलेलं पान उचलायचं, दाबून लहान करायचं आणि रॅममध्येच एका कोपऱ्यात ठेवायचं, परत लागलं की उलगडायचं, त्याला काही मायक्रोसेकंद पुरतात. मॅकमध्ये २०१३ पासून आणि विंडोज १० मध्येही असंच कॉम्प्रेशन आहे, फक्त त्याचा कोणी बॉक्सवर स्टिकर लावत नाही.

एक्स्टेंडेड रॅमचा फायदा एवढाच की मागे पडलेलं अ‍ॅप मारलं जाण्याऐवजी तगतं, बँकेचं अ‍ॅप सोडून ओटीपी बघायला गेलात आणि परत आलात तर ते पहिल्यापासून सुरू होत नाही. गेम त्याने पळत नाही. शिवाय फ्लॅशवर लिहिण्याला आयुष्य असतं आणि स्वॅप हे सारखं लिहिणंच आहे. माझं मत विचाराल तर ४ जीबीच्या फोनवर थोडंसं, एखाद-दोन जीबी, चालू ठेवा, ८ जीबीच्या फोनवर बंद करून बघा, बहुतेक फरक कळणारसुद्धा नाही.

प्रश्न: मी गृहिणी आहे, मुलगा आयटीत. त्याने सांगितलेलं मला असं कळलं की रॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा, रोजचं ओट्यावर, दिवाळीची पातेली माळ्यावर. आणि तो हल्ली मेमरी टिअरिंग टिअरिंग करत असतो ते हेच ना? (नाशिक)

ताई, स्वॅपसाठी तुमचं उदाहरण एकदम चोख. टिअरिंगला मात्र ते एका ठिकाणी फसतं आणि नेमकी तिथेच सगळी मजा आहे.

माळ्यावरचं पातेलं वापरायचं तर आधी खाली काढावंच लागतं, स्टूल घ्या, कोणालातरी हाक मारा, घरभर कळतं की पातेलं काढलं. स्वॅपचंही तेच, डिस्कवर गेलेल्या पानाला प्रोग्रॅमने हात लावला की पेज फॉल्ट होतो, प्रोसेसर थांबतो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) उठतो आणि पान आणून देतो. म्हणजे पान लागलं हे कर्नलला आपोआप कळतं, वेगळं काही करावं लागत नाही.

टिअरिंग म्हणजे फास्ट आणि हळू मेमरीच्या पायऱ्या करून पानं त्यांत वाटणं, आणि त्यात खालची पायरी ही पण मेमरीच असते, फक्त हळू. प्रोसेसर तिच्यातून थेट वाचू शकतो, फॉल्ट नाही, हाक नाही, काही नाही. साध्या रॅमला १०० नॅनोसेकंद तर सीएक्सएल कार्डावरच्या (रॅमच्या स्लॉटऐवजी वेगळ्या कार्डावर बसवलेल्या) मेमरीला १७० ते २५०, एवढाच फरक. त्यामुळे एखादं पान खालच्या पायरीवर बसून सेकंदाला लाख वेळा वाचलं जात असलं तरी कर्नलला त्याचा पत्ता नसतो, प्रोग्रॅम चालतोय, थोडा हळू चालतोय, बस. पान हलवणं हे त्या मानाने सोपं काम आहे, कुठलं हलवायचं हे कळणं महाग आहे, आणि तुमच्या मुलाचा पगार बहुधा त्याच कळण्याचा आहे. पुढचे सगळे प्रश्न फिरून फिरून इथेच येतात.

प्रश्न: ऑफिसला नवीन सर्व्हर आला, २५६ जीबी नेहमीची रॅम आणि वर २५६ जीबी सीएक्सएल कार्डावर. पोस्टग्रेस (डेटाबेस) चालतं. मेमरी दुप्पट झाली पण सकाळी क्वेरी जुन्या मशीनपेक्षा हळू, दुपारी कधी बऱ्या कधी बेकार. विकणारे म्हणतात लिनक्स आपोआप सगळं सांभाळतं. सांभाळतं का हो? (पुणे)

सांभाळतं, पण सांगितलं तर. न सांगता जेवढं करतं तेवढ्यानेच तुमची सकाळ बिघडलेली दिसते.

आधी नुमासीटीएल कमांड हार्डवेअरच्या ऑप्शनने चालवून बघा. दोन नोड (मेमरीचे गट) दिसतील, नोड शून्यपुढे सीपीयूंची लांबलचक यादी आणि नोड एकपुढे सीपीयूची जागा कोरी. तो बिनसीपीयूचा नोड म्हणजे तुमचं कार्ड. लिनक्सने यासाठी नवीन काही शोधलं नाही, दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसरच्या) मशीनसाठी जे न्यूमा, म्हणजे कुठली मेमरी कुठल्या प्रोसेसरच्या जवळ याचा हिशोब, होतं त्यातच ही हळू मेमरी एक लांबचा नोड म्हणून बसवली.

आता रात्री काय होतं ते बघा (तुम्ही लिहिलेलं नाही पण रात्री बॅकअप चालत असणारच, सगळ्यांचा चालतो). बॅकअप सगळ्या फाइली एकदा वाचतो, वाचलेलं सगळं पेज कॅशमध्ये (वाचलेल्या फाइलींची मेमरीतली प्रत) राहतं, आणि पेज कॅश आधी जवळच्या नोडवर भरतो. पहाटेपर्यंत नोड शून्य गच्च. सकाळी नऊला लोक लॉगिन करतात, प्रत्येक कनेक्शनला पोस्टग्रेस नवीन प्रोसेस काढतं, ती सॉर्ट आणि हॅशसाठी मेमरी मागते, कर्नल बघतो की नोड शून्यवर मोकळी पानं खालच्या वॉटरमार्कच्याही (ठरलेल्या खालच्या पातळीच्या) खाली गेलीत, तो केस्वॅपडीला (मागे राहून जागा मोकळी करणाऱ्या कर्नलच्या कामगाराला) उठवतो आणि तोपर्यंत थांबायचं कशाला म्हणून नोड एकवरून पानं देऊन टाकतो. झालं, ज्या मेमरीला आत्ता सर्वात जास्त हात लागणार ती हळू पायरीवर आणि रात्री एकदाच वाचलेल्या, परत कोणी न बघणाऱ्या फाइली फास्ट पायरीवर आरामात. कर्नलने चूक काहीच केली नाही, तरी निकाल उलटा लागला.

यावरचा उपाय कर्नलमध्ये तुकड्यातुकड्याने आला. कर्नलच्या ५.१५ आवृत्तीत डिमोशन आलं, म्हणजे नोड शून्यवर जागा करताना थंड (बराच वेळ हात न लागलेलं) पान फेकून देण्याऐवजी किंवा स्वॅपला पाठवण्याऐवजी खालच्या पायरीवर सरकवायचं. ५.१८ मध्ये उलटी दिशा, प्रमोशन, त्यासाठी न्यूमा बॅलन्सिंगच्या सेटिंगची किंमत २ करायची. ६.१ मध्ये कुठला नोड कुठल्या पायरीचा हे नीट मांडणारी टिअर्सची रचना आली. डिमोशनचा स्विच मुळात बंद असतो, तो तुम्हाला चालू करावा लागतो, आणि न्यूमा बॅलन्सिंग बऱ्याच ठिकाणी १ वर असतं ते दोन सॉकेटच्या जुन्या हिशोबाचं आहे. विकणाऱ्यांचं आपोआप ते हेच, दोन स्विच.

प्रमोशन कसं कळतं हे बघण्यासारखं आहे. वर ताईंना सांगितलं तसं हळू पायरीवरचं पान वाचलं गेलं तरी आवाज येत नाही, म्हणून कर्नल मुद्दाम आवाज करवतो. प्रोसेसच्या मेमरीतून एका फेरीत २५६ एमबी एवढा पट्टा घेतो आणि त्यातल्या हळू पायरीवरच्या पानांच्या नोंदी अशा करून ठेवतो की पुढचा हात लागताच खोटा फॉल्ट व्हावा, आणि वेळ टिपून ठेवतो. फॉल्ट लगेच आला तर पान गरम, बऱ्याच वेळाने आला तर थंड, वर आणायची गरज नाही. युक्ती छान आहे पण फुकट नाही, प्रत्येक फॉल्ट म्हणजे प्रोग्रॅम थांबला.

आणि पोस्टग्रेसवाल्यांनी इथे दोन गोष्टी बघाव्यात. एक, हा फॉल्ट फक्त मॅप केलेल्या पानांना लागतो, रीड कॉलने वाचलेल्या फाइलीचं पान कॅशमध्ये असतं पण कुठल्या प्रोसेसच्या पेज टेबलात (तिची कुठली पानं कुठे आहेत त्या यादीत) नसतं, त्यामुळे तुमची डेटाबेसमधली गरम टेबलं पेज कॅशमधून वाचली जात असतील आणि ती नोड एकवर पडली असतील तर ही यंत्रणा त्यांना वर आणणार नाही. दुसरं, शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची सामायिक मेमरी) राखीव हजपेजेसवर (आधीच बाजूला काढलेल्या मोठ्या पानांवर) ठेवले असतील तर ती पानं ना खाली जातात ना वर येतात, जिथे जन्मली तिथेच. हे वाईट वाटतं पण मी तर याचाच फायदा घेईन: हजपेजेस फक्त नोड शून्यवर राखून ठेवा, शेअर्ड बफर्स त्यावर बसवा, म्हणजे डेटाबेसचा गाभा कायम फास्ट पायरीवर खिळला, आणि बाकी पेज कॅशला डिमोशनच्या हवाली करा, रात्रीच्या बॅकअपचा कचरा आपला आपण खाली सरकेल. कर्नल मात्र ६.१ किंवा पुढचाच घ्या, जुन्यावर हा खेळ खेळू नका.

प्रश्न: ४ केबी कॉपी करायला असा किती वेळ लागतो? एवढा बाऊ कशाला, सगळीच गरम वाटणारी पानं वर आणा की. (हिंजवडी)

कॉपीला काहीच लागत नाही. सेकंदाला १० जीबी धरलं तरी ४ केबी म्हणजे ०.४ मायक्रोसेकंद. वेळ जातो तो भोवतालच्या कारभारात. नवीन पायरीवर रिकामं पान घ्या, जुन्याला लॉक लावा, पेज टेबलातली नोंद काढून तिथे हलवाहलवी चालू असल्याची खूण ठेवा, मग ज्या ज्या कोअरच्या टीएलबीमध्ये (पानांचे पत्ते हाताशी ठेवणारी छोटी कॅश) जुना पत्ता असू शकतो त्या सगळ्यांना इंटरप्ट पाठवून तो पुसायला लावा आणि सगळ्यांचं झालं म्हणेपर्यंत थांबा, मग कॉपी, मग नवीन नोंद. मध्येच एखाद्या थ्रेडने त्या पानाला हात लावला तर तोही ताटकळला. ६४ कोअरच्या मशीनवर ते पुसणंच कॉपीपेक्षा महाग पडू शकतं, म्हणून नवीन कर्नल बरीच पानं एकत्र घेऊन पुसण्याची हाक एकदाच देतात.

आता हिशोब करा. समजा सगळं मिळून एका पानाला ५ मायक्रोसेकंद पडले आणि फास्ट-हळूमधला फरक १०० नॅनोसेकंदांचा आहे, तर वर आणल्यावर त्या पानाला किमान ५० वेळा खरोखर मेमरीपर्यंत जाणारा हात लागला तरच पैसे वसूल, प्रोसेसरच्या कॅशमधून भागलेले धरायचे नाहीत. ४ केबीच्या पानात ६४ बाइटच्या ६४ कॅशलाइनी (प्रोसेसर एका वेळी उचलतो तो तुकडा) असतात. म्हणजे कोणी अख्खं पान टोकापासून टोकापर्यंत एकदाच वाचून पुढे गेलं तर जेमतेम मुद्दल सुटतं, आणि प्रीफेचर (पुढचा डेटा आधीच आणून ठेवणारा प्रोसेसरचा भाग) असल्यामुळे तेही नाही. मोठ्या टेबलाचा स्कॅन नेमका असाच असतो, वाचताना प्रत्येक पान गरम दिसतं आणि वर आणेपर्यंत काम संपलेलं असतं.

२ एमबीच्या मोठ्या पानांचं तर आणखी वेगळं, त्यात ५१२ छोटी पानं असतात पण वापरलं की नाही याची खूण सगळ्यांत मिळून एकच, त्यामुळे एका ४ केबीच्या तुकड्यासाठी अख्खे २ एमबी गरम ठरून फास्ट पायरीवर जागा अडवतात. फोडून हलवावीत तर टीएलबीचा फायदा जातो. यावर सगळ्यांना पटेल असं उत्तर मला अजून कुठे दिसलेलं नाही.

प्रश्न: सर, आम्हाला सेकंड इयरला एलआरयू शिकवलं, सर्वात जुनं वापरलेलं पान काढायचं. लिनक्स तेच करतं ना? मग हे गरम-थंड ओळखायला एवढं अवघड का? (छत्रपती संभाजीनगर)

पेपरात एलआरयूच लिही, मार्क त्याचेच आहेत. पण खरं एलआरयू करायचं तर प्रत्येक मेमरी अ‍ॅक्सेसला यादी बदलावी लागेल आणि ते कुठलीच ऑपरेटिंग सिस्टिम करत नाही. हार्डवेअर तुला प्रत्येक पानामागे एक बिट देतं, वापरलं तर १. केव्हा वापरलं नाही, किती वेळा नाही, फक्त हो की नाही. कर्नल मधूनमधून येऊन तो बिट बघतो, पुसतो आणि अंदाज बांधतो. लिनक्समध्ये बरीच वर्षं अ‍ॅक्टिव्ह आणि इनअ‍ॅक्टिव्ह अशा दोन याद्या होत्या, ६.१ मध्ये गूगलकडून आलेलं मल्टिजनरेशन एलआरयू घेतलं, त्यात दोनाऐवजी पानांच्या पिढ्या असतात.

आणि हा प्रश्न जुना आहे, एकदम जुना. मँचेस्टर युनिव्हर्सिटीचा अ‍ॅटलस कॉम्प्युटर, १९६२, फास्ट मेमरी म्हणजे १६,३८४ शब्दांची कोअर आणि हळू म्हणजे ९८,३०४ शब्दांचा फिरता ड्रम, पान ५१२ शब्दांचं, म्हणजे वर एका वेळी फक्त ३२ पानं मावायची. त्यांच्याकडेही वापराचा बिट होता. त्यावर त्यांनी चालवलेलं डोकं मला आजही आवडतं: प्रत्येक पानासाठी दोन वेळा लक्षात ठेवायच्या, आत्ता किती वेळ पडून आहे आणि मागच्या खेपेला किती वेळ पडून होतं, आणि आत्ताचं पडून राहणं मागच्यापेक्षा लांबलं की समजायचं याचं काम संपलं, पाठवा ड्रमवर. नुसतं जुनं-नवं न बघता पानाची सवय बघायची, हे तुझ्या सिलॅबसच्या एलआरयूमध्ये नाही. वर पोस्टग्रेसवाल्यांना सांगितलेली वेळ टिपण्याची युक्ती वाचून बघ, बरीच जवळची वाटेल.

सर्वात उत्तम काय हे १९६६ मध्ये आयबीएमच्या बेलाडीने दाखवलं, जे पान सर्वात उशिरा लागणार ते काढा. त्यासाठी भविष्य माहीत पाहिजे, एवढीच अडचण.

प्रश्न: इंटेलने ऑप्टेन बंद केलं मग हा विषय संपला नाही का? (बंगळूर)

नाही. ऑप्टेनची मेमरी (रॅमसारखी थेट वाचता येणारी पण हळू) २०१९ ला बाजारात आली, रॅमच्याच (डीआयएमएम) स्लॉटमध्ये बसायची, वाचायला ३०० नॅनोसेकंदांच्या आसपास, आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने तो धंदा गुंडाळायचं जाहीर केलं. पण डिमोशन-प्रमोशनचा बराचसा कोड त्याच काळात इंटेलच्या लोकांनी कर्नलमध्ये आणला आणि आता तोच सीएक्सएलला उपयोगी पडतोय. हार्डवेअर गेलं, कोड राहिला.

प्रश्न: आमचे सीटीओ म्हणतात गूगल-मेटावाले ३० टक्के मेमरी वाचवतात, आपणही प्रत्येक सर्व्हरची ३० टक्के रॅम कापू, बाकीचं झेडस्वॅप बघून घेईल. मला हे धोक्याचं वाटतं पण उत्तर काय देऊ? (ठाणे)

झेडस्वॅप म्हणजे वरच्या झेडरॅमसारखंच, स्वॅपला निघालेली पानं दाबून रॅममध्ये ठेवणं. सीटीओंनी आकडा बरोबर वाचलाय, त्याच्या आजूबाजूचं वाचलेलं नाही. गूगलने २०१९ मध्ये छापलं की त्यांच्याकडे सरासरी ३२ टक्के मेमरी अशी असते जिला दोन मिनिटांत कोणी हात लावलेला नसतो. हे थंड मेमरी किती पडलेली असते त्याचं माप झालं, वाचवलेल्या मेमरीचं नाही, आणि तेही सरासरी. त्या थंड पानांतली काही दाबली तरी लहान होत नाहीत, फोटो-व्हिडिओ किंवा एन्क्रिप्ट केलेला डेटा दाबून काय मिळणार. शिवाय त्यांनी प्रत्येक जॉबवर लगाम ठेवला होता, दाबलेली पानं परत मागायचं प्रमाण ठराविक मर्यादेबाहेर जायला लागलं की कापाकापी आपोआप कमी.

मेटाचं २०२२ चं काम जास्त कामाचं आहे तुमच्यासाठी, त्यांनी २० ते ३२ टक्के वाचवल्याचं सांगितलं, पण त्यांचा लगाम होता पीएसआय, म्हणजे टंचाईमुळे प्रोग्रॅम किती ताटकळतात याचं माप. हे लिनक्समध्ये ४.२० पासून आहे, तुमच्याही मशीनवर बहुतेक असेल. प्रॉकखालच्या प्रेशर फोल्डरमध्ये मेमरी नावाची फाइल उघडा, दोन ओळी दिसतील, सम आणि फुल. सम म्हणजे गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांतला किती टक्के वेळ निदान एक तरी टास्क मेमरीसाठी ताटकळला, फुल म्हणजे सगळेच ताटकळले. किती पानं वापरात आहेत यापेक्षा माणसाला, म्हणजे प्रोग्रॅमला, त्रास किती होतोय हे त्यात थेट दिसतं, आणि माझ्या मते गेल्या दहा वर्षांत कर्नलमध्ये आलेल्या सर्वात उपयोगी फाइलींपैकी ती एक आहे.

एक मात्र सीटीओंना आधीच सांगून ठेवा, दोन मिनिटं थंड म्हणजे कायमचं थंड नाही. पगाराचा जॉब महिन्याच्या शेवटी एकदाच उठतो आणि त्या दिवशी त्याची सगळी पानं एकदम गरम होतात, त्यामुळे मंगळवारी दुपारी मोजलेल्या आकड्यावर रॅम कापली तर तीस तारखेला तुमचा फोन वाजणार.

म्हणून रॅम कापू नका, आधी पिळून बघा. सीग्रुप (प्रोसेसचे गट करून त्यांची मेमरी वेगळी मोजायची लिनक्सची सोय) आवृत्ती दोन असेल तर प्रत्येक ग्रुपला मेमरी डॉट रीक्लेम नावाची फाइल मिळते, कर्नल ५.१९ पासून, तिच्यात आकडा लिहिला की कर्नल तेवढी मेमरी त्या ग्रुपमधून काढायचा प्रयत्न करतो. थोडी थोडी काढा, मधे काही मिनिटं जाऊ द्या, समची ओळ बघा आणि सोबत तुमच्या अ‍ॅपचा रिस्पॉन्स टाइम. महिनाअखेर धरून करा. डेटाबेसच्या ग्रुपला वेगळं, लॉग गोळा करणाऱ्याला वेगळं, वेब सर्व्हरला वेगळं, कारण लॉगवाल्याची निम्मी मेमरी गेली तरी त्याला कळणार नाही आणि डेटाबेस थोड्या कपातीतच कण्हायला लागेल. जिथे सम हलायला लागला त्याच्या जरा अलीकडे थांबा आणि ग्रुपवार तक्ता करून सीटीओंच्या टेबलावर ठेवा, बेरीज ३० टक्के आली तर त्यांचं नशीब आणि १२ आली तर १२.